सतरा वेळा ‘हरकत नाही’

मँचेस्टर,
१३ ऑक्टोबर २०२४

ती. आजोबांस,
सविनय जयभीम वि. वि.

वि. वि. म्हणजे काय ते मला माहीत नाही, पण तुमच्या पत्रात असतो म्हणून मी पण टाकला. तुमचा पत्र मिळाला. फोनवर बोलून मराठी येत नाही, लिहूनच येते, असं तुम्ही म्हणालात, म्हणून आता दर महिन्याला लिहिणार. बाबा हसले. म्हणाले, ज्या माणसाने पोस्टाच्या सॉर्टिंग ऑफिसमध्ये सत्तावीस वर्षं काढली तो तुला व्हॉट्सअ‍ॅपवर सुटू देणार नाही.

सेकंड इयरचा खोली छोटा आहे, पण खिडकीतून ट्राम दिसतो. तुमच्या ग्रुपच्या यमुनाआजींनी विचारलं होतं ना की एथिक्स अँड पब्लिक पॉलिसी शिकून मी काय होणार? त्यांना सांगा, डॉक्टर नाही होणार, सॉरी. सरकार किंवा कौन्सिल काहीतरी ठरवतात, तर ते बरोबर आहे का, कोणाला विचारलं आणि कोणाला नाही विचारलं, ते आम्ही बघतो.

आता मोठी बातमी. या टर्मला आम्हाला एका कौन्सिलसाठी खरा कन्सल्टेशन करायचा आहे, म्हणजे लोकांना विचारून रिपोर्ट द्यायचा. लिस्टमध्ये हॅझलफोर्ड होता! तुमच्या कौन्सिलला गुरुवारी दुपारी हॉल पिलाटीज क्लासला द्यायचा आहे आणि तुमचा गुरुवारचा ग्रुप नवीन लेझर सेंटरला (जिम, स्विमिंग असतं तिथे) पाठवायचा आहे. ग्रुपला मराठीत विचारायला कोणी नव्हतं. मी लगेच हात वर केला. ट्यूटर एकदम खूश. वर्गात दुसऱ्या कोणाकडे अशी भाषा नाही.

रीडिंग वीकमध्ये (टर्मच्या मधली सुट्टी, तुमच्या जवळचं रीडिंग नाही) येतो. फॉर्म घेऊन येतो. आजीची मोठी किटली काढून ठेवा.

लोभ असावा. (असावा की असावी? लोभ मुलगा आहे की मुलगी?)

तुमची,
ईशानी

•

हॅझलफोर्ड, रीडिंगजवळ,
२१ ऑक्टोबर २०२४

चि. ईशानीस,
सप्रेम जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टकोडचं शेवटचं अक्षर चुकवलं होतंस, तरी पोचलं, यात श्रेय आमच्या खात्याचं आहे, तुझं नाही. पत्र लाल पेनाने तपासून सोबत परत पाठवतोय. दहापैकी चार. पत्र मिळतं, मिळत नाही तो पोस्टमनचा दोष. खोली छोटी असते, ट्राम दिसते. आणि तू येतेस. ‘येतो’ लिहिलंस की मला वाटतं कुणी नातू यायचाय. लोभ मुलगा आहे, तोही हट्टी. वि. वि. म्हणजे विनंती विशेष. ती विशेष विनंती नक्की काय, हे कुणीच कधी लिहीत नाही, तरी सगळे टाकतात. तूही टाक.

यमुनाताईंना तुझा निरोप दिला. डॉक्टर नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा उतरला. मग मी समजावलं की एथिक्स म्हणजे शील. आपण सकाळी पंचशील म्हणतो, पोरगी त्याची डिग्री घेतेय. त्यावर शशीने गणित मांडलं की पाच शीलं आणि तीन वर्षं, म्हणजे अभ्यास फारसा दिसत नाही. शशीला तू ओळखतेसच, जन्मभर बस चालवली आणि आता कॅरममध्ये रडीचा डाव खेळतो.

पिलाटीज म्हणजे काय असंही यमुनाताईंनी विचारलं. मी म्हटलं, बायका जमिनीवर आडव्या होऊन पाय वर करतात, त्याला क्लास म्हणतात. त्या म्हणाल्या, आमच्या वेळी त्याला दमणं म्हणत.

तू ये. गुरुवार सात तारखेला सगळे असतील. तुझ्या आजीने हा ग्रुप सुरू केला तेव्हा चौघं होतो, आता सतरा आहोत, पाच जण तर रीडिंगहून बसने येतात. तिची किटली काढली आहे. घासायला तू आहेसच.

लोभ आहे तो राहू दे, चुका तेवढ्या कमी कर.

तुझा,
आजोबा

•

मँचेस्टर,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. आजोबांस,
सविनय जयभीम वि. वि.

नीट पोचले. बघा, पोचले! यमुनाआजींचा चिवडा फ्लॅटमध्ये दोन दिवसांत संपली. आयर्लंडच्या मुलीने डब्याच्या तळाचं तिखट पण बोटाने खाल्लं आणि मग तिला दूध द्यावी लागली.

आजोबा, गुरुवार इतका छान गेला. मला भीती होती की माझी मराठी ऐकून सगळे हसतील. हसले, पण प्रेमाने. मी प्रश्न आधीच पाठ केला होता: गुरुवारचा हॉल दुसऱ्यांना दिला आणि तुम्ही लेझर सेंटरला गेलात, तर तुमची काही हरकत आहे का? ‘हरकत’ मी डिक्शनरीत शोधला. ऑब्जेक्शन. अगदी बरोबर शब्द मिळाला म्हणून मी खूप प्राउड होते.

आणि सगळ्यांनी तेच उत्तर दिलं! हरकत नाही. यमुनाआजी म्हणाल्या, नाही गं बाई, माझी कसली हरकत. शशीआजोबांनी पाठीवर थाप मारून सांगितलं की काही हरकत नाही, तू आधी चहा घे. तुम्हाला मी सगळ्यात शेवटी विचारलं, तुम्ही कप विसळत होता, तुम्ही पण तेच म्हणालात. फॉर्मवर तीन बॉक्स होते: सपोर्ट, ऑब्जेक्ट आणि नो ऑब्जेक्शन. सतरा टिक एका ओळीत! एवढा क्लीन डेटा वर्गात कोणाचाच नाही. ट्यूटर म्हणाली की कम्युनिटीच्या भाषेत विचारणं हेच खरं एथिकल कन्सल्टेशन. रिपोर्ट कौन्सिलला गेला.

मी तुमची मदत कधीच विसरणार नाही. लोभ असावा, तो मुलगा आहे हे आता पक्कं.

तुमची,
ईशानी

•

हॅझलफोर्ड,
३० जानेवारी २०२५

चि. ईशानीस,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र तपासून सोबत जोडलं आहे. दहापैकी सहा. चिवडा संपतो, दूध द्यावं लागतं. प्रगती आहे. रिपोर्टला चौऱ्याहत्तर मार्क मिळाल्याचं तुझ्या बाबाने, मिलिंदने, फोनवर सांगितलं. ग्रुपला सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. चौऱ्याहत्तर म्हणजे इथे फर्स्ट क्लास, हे मला शशीला दोनदा समजावून सांगावं लागलं.

इथे थंडी बरी आहे. हॉलच्या दारावर आज नोटीस लागली आहे. एक एप्रिलपासून गुरुवार दुपार पिलाटीजची. आपण लेझर सेंटरला, खोली नंबर चार. ती वरच्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे म्हणतात. जायला दोन बस लागतात, आणि दुसरी बस तासाने एक आहे, हे शशीने वेळापत्रक न बघता सांगितलं. यमुनाताईंचा तो चाकांचा वॉकर घेऊन दोनदा चढउतार व्हायची नाही, तेव्हा त्या घरीच बसतील बहुधा. रीडिंगच्या पाच जणांचंही अवघड दिसतं.

नोटिशीत शेवटी लिहिलंय की मराठी भाषक ज्येष्ठांशी सल्लामसलत झाली असून त्यांचं कोणतंही ऑब्जेक्शन नाही. ते सगळ्यांनी पुन्हा वाचून पाहिलं. कोण बरं म्हणालं असेल असं, म्हणून एकमेकांकडे बघत होते. मग चहा झाला.

असो. त्यात काय एवढं. हरकत नाही, आम्ही काहीतरी करू. तू अभ्यासात मन घाल.

लोभ नेहमीसारखाच आहे, थंडीमुळे आखडलेला नाही.

तुझा,
आजोबा

•

मँचेस्टर,
४ फेब्रुवारी २०२५

ती. आजोबांस,
जयभीम.

तुमचं पत्र ट्राम स्टॉपवर उभं राहून वाचला आणि दोन ट्राम सोडल्या.

आजोबा, मी विचारलं होतं. मी सगळ्यांना, एकेकाला, मराठीत, समोर बसून विचारलं होतं. मग तुम्ही सगळे हरकत नाही का म्हणालात? यमुनाआजी घरी बसणार आहेत आणि त्यांनी मला हसत हसत सांगितलं की माझी कसली हरकत. चौथा शील काय आहे? खोटं बोलणार नाही. तुम्हीच मला पाठ करून घेतला होता. सतरा लोक एकाच दिवशी एकाच मुलीशी खोटं बोलले का?

हे लिहून मी पेन खाली ठेवला आणि तुमचं पत्र परत वाचलं. शेवटून दुसऱ्या ओळीत तुम्ही काय लिहिलंय माहीत आहे? आजीचा ग्रुप जातोय आणि तुम्ही लिहिलंय, हरकत नाही.

म्हणजे तो शब्द फक्त ‘ऑब्जेक्शन नाही’ असा नाहीच आहे ना? मला कोणी खोटं सांगितलं नाही. मलाच ऐकायला आलं नाही. आणि त्याचे मला चौऱ्याहत्तर मार्क मिळाले, आणि ते मी इन्स्टावर टाकले.

बाबा म्हणतात की सोडून दे, कौन्सिलने तसंही तेच केलं असतं. मार्क लागून गेलेत, आता ट्यूटरला सांगितलं तर रिपोर्ट रद्द होऊ शकतो. पण नोटिशीवर माझं वाक्य आहे. मला सांगा, हरकत नाही म्हणजे नक्की काय? आणि मी काय करू?

लाल पेन मारा. मला माहीत आहे खूप चुका आहेत.

ईशानी

•

हॅझलफोर्ड,
११ फेब्रुवारी २०२५

चि. ईशानीस,
सप्रेम जयभीम आणि जास्तीचे आशीर्वाद.

या पत्राला लाल पेन लावलेलं नाही. ते माझ्याकडे ठेवून घेतलं आहे.

तू विचारलंस म्हणून मी दिवसभर स्वतःवर पाळत ठेवली. सकाळी बसमध्ये एकाने पायावर पाय दिला, मी त्याला मराठीतच म्हणालो, हरकत नाही. तेव्हा दुखलं होतं. दुपारी शशीने विचारलं, कॅरम उद्या खेळू का. हरकत नाही म्हटलं, ती खरी होती. संध्याकाळी मिलिंदने फोनवर सांगितलं की रविवारी येणं जमत नाही. तीच दोन शब्दांची टोपी मी तिथेही घातली. शब्द एकच आहे पोरी. आवाज कुठून येतो त्यावर सगळं. समोरच्याने आधीच ठरवलेलं दिसतं, किंवा तो आपलं माणूस असतो आणि त्याचं मन मोडवत नाही, तेव्हा आपण हरकत नाही म्हणतो आणि कप विसळायला लागतो. तू फॉर्म घेऊन आलीस तेव्हा आमच्यासमोर कौन्सिल बसलेलं नव्हतं. सिंधूची नात बसली होती, तिला पहिल्यांदाच एवढं मराठी बोलताना ऐकत होतो. तिला नाही कोण म्हणणार?

तेव्हा चौथं शील मोडलं असेल तर ते आम्ही सतरा जणांनी. तुझ्या वाटणीला एक चूक येते, आणि तीच चूक मी तुझ्या निम्म्या वयात केली आहे. सहावीत असताना येरवड्याला मी आमच्या वस्तीतल्या बायकांची पत्रं लिहून द्यायचो. शेजारची एक मावशी डोळे पुशीत सांगायची, लिही, इकडील सर्व ठीक आहे. मी आपलं सुवाच्य अक्षरात लिहायचो, इकडील सर्व ठीक आहे. अक्षराबद्दल माझं कौतुक व्हायचं. मावशीचा मुलगा मुंबईहून तीन वर्षं आला नाही, कारण पत्रात सर्व ठीक होतं. ते मला फार उशिरा कळलं. तुला तीन महिन्यांत कळलं.

ट्यूटरला सांगायचं की नाही हे मी सांगणार नाही. त्याचं शिक्षण तू घेतेयस, मी नाही. एवढंच सांगतो की पुन्हा आलीस तर दुसरा प्रश्न घेऊन ये.

लोभ आहे, आणि तो मार्क बघून ठरत नाही.

तुझा,
आजोबा

•

मँचेस्टर,
९ मार्च २०२५

ती. आजोबांस,
सविनय जयभीम वि. वि. आणि या वेळी खरंच एक विशेष विनंती आहे, ती खाली लिहिली आहे.

ट्यूटरला सांगितलं. तिने रिपोर्ट परत उघडून बघितला. मग म्हणाली की रिपोर्ट मागे घ्यावा लागेल, पुन्हा दिला तर चाळीसच्या वर मार्क मिळणार नाहीत. मी घरी येऊन रडले, मग आयर्लंडच्या मुलीने टोस्ट करून दिला आणि मी कौन्सिलला लिहिलं की माझं भाषांतर चुकीचं होतं, तुमच्या नोटिशीतलं वाक्य खरं नाही. त्यांनी लगेच उत्तर दिलं की पंचवीस मार्चच्या मीटिंगमध्ये विषय परत घेऊ, कोणीतरी तीन मिनिटं बोलावं.

सत्तावीस फेब्रुवारीला तुम्ही बघितलंच. या वेळी मी फॉर्म बॅगेतच ठेवला आणि एवढंच विचारलं की गुरुवार नसला तर तुम्ही त्या दुपारी काय कराल? यमुनाआजी चाळीस मिनिटं बोलल्या. त्यांचं घर आतून कसं शांत असतं ते त्यांनी सांगितलं. फ्रिज सुरू होतो आणि बंद होतो तेवढाच आवाज. शशीआजोबांनी जोक केला की ते खिडकीतून बस मोजतील, आणि मग नुसत्या कॅरमच्या सोंगट्या लावत राहिले. माझी वही भरली. एकही बॉक्स नव्हता, तरी सगळं कळलं. आता नवीन रिपोर्ट आहे. त्याला चाळीस मिळाले तरी तो माझा सगळ्यात चांगला आहे.

आता विनंती. मीटिंगला मी बोलणार नाही. मी एकदा तुमच्या वतीने बोलले आणि काय झालं ते बघितलं. तुम्ही बोला.

आणि एक विचारायचं राहिलंय. आजी गेली त्याच वर्षी मी रीडिंगची ऑफर सोडून मँचेस्टर घेतलं. तुमच्या किचनमध्ये येऊन विचारलं होतं की मी लांब गेले तर चालेल ना. तुम्ही म्हणालात, हरकत नाही. आजोबा, ती कुठली होती?

ईस्टरच्या सुट्टीत निबंध आहे, म्हणून इथेच राहीन म्हणते. चालेल ना?

लोभ असावा, आणि खरं सांगण्याइतका असावा.

तुमची,
ईशानी

•

हॅझलफोर्ड,
२७ मार्च २०२५

चि. ईशानीस,
सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

मीटिंगचा वृत्तांत सविस्तर देतो, कारण मिलिंदने तुला फोनवर सांगितलेला त्याच्या बापाच्या बाबतीत जरा फुगवलेला आहे.

शशीने कम्युनिटीची मिनीबस मागून आणली आणि सगळ्या सतरांना घेऊन गेला. बारा वर्षांनी स्टिअरिंग हातात आलं म्हणून त्याने गावाला एक जादा चक्कर मारली. यमुनाताईंनी नवी साडी नेसून वॉकर थेट पहिल्या रांगेत लावला. मिलिंद बेसिंगस्टोकहून ऑफिस अर्धं टाकून आला होता, त्याने माझं इंग्रजी भाषण टाईप करून आणलं होतं. चांगलं होतं. त्यात ‘नम्रपणे सुचवू इच्छितो’ असं तीनदा होतं.

माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो, चष्मा लावला, आणि कागद बघून मला वाटलं की हीसुद्धा हरकत नाहीच आहे, फक्त इंग्रजीत आहे. कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणालो की आमच्या भाषेत एक शब्द आहे, तो आम्ही या देशात पन्नास वर्षं त्याच्यामागे ‘नाही’ लावून वापरला. आज तो तसाच वापरतो. आमची हरकत आहे. मग का आहे ते सांगितलं. सिंधूची किटली, दोन बस, यमुनाताईंचा फ्रिज. तीन मिनिटं झाली, अध्यक्षबाईंनी थांबवलं नाही. शेवटी क्लार्कने विचारलं की तो शब्द मिनिट्समध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, कसा लिहायचा. मी एकेक अक्षर सांगितलं. पोस्टातला माणूस, स्पेलिंग चुकू दिलं नाही.

नोटीस मागे घेतली. निदान दोन वर्षं गुरुवार आपला. पिलाटीज मंगळवारी गेलं, आणि यमुनाताईंनी तिथे नाव घातलं आहे. खुर्चीवर बसूनही करता येतं म्हणे.

आता तुझं पत्र. दहापैकी साडेनऊ. अर्धा मार्क कशाचा कापला ते खाली कळेल.

तू मँचेस्टरचं विचारलंस. आजी जाऊन पाच महिने झाले होते. तू ऑफर दाखवलीस, तुझा चेहरा उजळलेला होता, आणि मी हरकत नाही म्हणून किटली भरायला गेलो. एकट्यासाठी मोठी किटली भरली, तेही तू गेल्यावर लक्षात आलं. हरकत होती, ईशानी. पुष्कळ होती. तू रीडिंगला राहशील, संध्याकाळी येशील, असं मी मनात धरलं होतं. ते तुला कधी सांगितलं नाही, आणि पुढेही सांगितलं नसतं, जर तू गेली नसतीस आणि तिथे हे विचारायला शिकली नसतीस. आता त्या जाण्याला माझी हरकत नाही. ही खरी आहे, हवं तर वहीत लिहून घे.

लोभ आहे, तो पत्रात मावेना इतका झाला आहे.

तुझा,
आजोबा

ता. क. ईस्टरला मँचेस्टरलाच राहीन, चालेल ना, असं विचारलंयस. नाही चालणार, अर्धा मार्क त्याचाच कापला. निबंध घेऊन इकडे ये. माझी हरकत आहे.